मोटारीला गॅस झालाय

फिरत्या दवाखान्यात नोकरी धरली की किस्से जमवावे लागत नाहीत. बॉनेटवर फुफाटा बसतो तसे ते आपोआप बसत जातात. कधीतरी फडकं मारलं की कळतं, थर केवढा झालाय. डॉक्टर मंडळी जमली की जो तो आपापल्या चिवट पेशंटचं सांगत बसतो. माझा सगळ्यात चिवट पेशंट मोटार होती.

विलायतेत शिकत असताना मी एक चित्र मनाशी घोकत असे. नगर जिल्ह्यातलं एक गाव, झाडाखाली जमलेली माणसं, आणि त्यांच्यापुढे मी, विज्ञानाचा दिवा हातात घेऊन. लोक म्हणतायत, "बाई, इतका वेळ कुठं होता?"

प्रत्यक्षात लोकांनी अगदी हाच प्रश्न विचारला. कारण आम्ही सकाळी पोचायचे ते दुपार कलल्यावर पोचलो होतो. मधला वेळ मोटार रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभी होती, आणि विज्ञानाचा दिवा पुठ्ठ्याने तिला वारा घालत होता.

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा दुसऱ्या उन्हाळ्यात शिरला होता.

*

बेलापूरच्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. भाषण करता येईल असा एकही प्रसंग त्यांनी आयुष्यात वाया घालवला नव्हता. ड्रायव्हर रामभाऊ. तालमीत कमावलेलं अंग, गळ्यात मारुतीचा ताईत आणि शनिवारचा कडक उपास. कंपाउंडर यासीनभाई. बाटल्यांना चिठ्ठ्या लावता लावता त्यांना निम्मी डॉक्टरी आली होती, आणि ती निम्मी एकाच रोगाची होती. त्यांच्या मते माणसाला फक्त गॅस होतो. डोकं दुखलं, गॅस. कंबर धरली, गॅस. एकदा बैलगाडीवरून पडून हात मोडलेला माणूस आला. यासीनभाईंनी त्याला सहानुभूतीने विचारलं, "पडायच्या आधी पोट गच्च वाटत होतं का?"

मी कामाला सुरुवात केली ती एका दगडापासून. आवाराच्या वरच्या टोकाला, फाटकाशी, शेंदूर फासलेला एक कमरेएवढा दगड होता. तो कुणाचा देव यावर गावात एकमत नव्हतं. कुणी म्हसोबा म्हणे, कुणी म्हणे जुन्या रस्त्याच्या मैलाचा दगड. पेशंट मात्र आधी त्याच्यापुढे नारळ फोडून मग माझ्याकडे येत. पहिल्याच आठवड्यात मी पदर खोचला, कार्बोलिक साबण घेतला आणि दगड स्वतः घासून लख्ख केला. मग पायरीवर उभी राहून अंधश्रद्धेवर बोलले. पोटतिडकीने बोलले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

भाषण संपल्यावर एक म्हातारबा पुढे आले. त्यांनी दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दगड चांगला निघाला, बाई. कापडं धुवायला व्हईल."

*

मोटार आम्हाला दानात मिळाली होती. मुंबईच्या एका धनिकाच्या मुलाने ती थंड देशातून आणली, हौस फिटल्यावर संस्थेला दिली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आम्ही मोजले नाहीत, म्हणून तिला हीटर आहे हे उशिरा कळलं.

हीटर म्हणजे काय, तर इंजिनातलं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या एका जाळीतून फिरवायचं आणि पंख्याने ती ऊब आत सोडायची. बर्फाच्या देशात फार सोयीचं. नगर जिल्ह्यात मात्र मासोळीला छत्री.

उद्घाटनाच्या दिवशी अण्णासाहेबांनी हीटरची खुंटी ओढून बघितली आणि विचारलं, "हे कशासाठी?"

रामभाऊ म्हणाले, "शोभंसाठी हाय."

ही शोभेची वस्तू पुढे कामाला येणार होती.

*

मोटार उकळायची. दर फेरीला उकळायची. काटा मधोमध असायचा, एकदम टोकाला उडी मारायचा, पुन्हा शहाण्यासारखा खाली यायचा, आणि आपण सुटकेचा श्वास टाकला की बॉनेटखालून वाफ यायची.

या देशात डॉक्टर कमी आहेत असं मी विलायतेत वाचलं होतं. मोटार बंद पडली की ते खोटं वाटायचं. बाभळीखाली मोटार थांबायचा अवकाश, जिकडून तिकडून तज्ज्ञ यायचे. एक निवृत्त मास्तर म्हणाले, बॉनेटचा रंग काळा आहे, ऊन पितो. एक गृहस्थ म्हणाले, पेट्रोल तिखट असेल. श्रीरामपूरच्या मिस्त्रींनी रेडिएटर खरवडला, पट्टा बदलला, आणि शेवटी इंजिनातून एक पितळी भाग काढून माझ्या हातावर ठेवला. "हा नको," म्हणाले. कशाला नको, ते त्यांनी सांगितलं नाही. मोटार त्याच्याशिवायही पूर्वीइतक्याच निष्ठेने उकळली.

अण्णासाहेबांचं निदान जास्त खोल होतं. ते म्हणाले, "बाईमाणूस पुढच्या सीटवर बसल्यामुळे ड्रायव्हरचं मन गाडीवर राहत नाही." मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मोटार उकळली.

यासीनभाईंनी बॉनेटला कान लावला. आत डॅशबोर्डच्या मागे काहीतरी गुडगुडत होतं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि गंभीरपणे माझ्याकडे वळले.

"बाई, गॅस आहे."

मी त्यांना पाण्याची बादली आणायला पाठवलं.

*

एवढ्या गोंधळात मला एकाच माणसाचं कौतुक वाटायचं, ते रामभाऊंचं. आमचं आवार फाटकापासून नदीकडे उतरत जातं. खालच्या टोकाला लहानसं मारुतीचं देऊळ आणि त्याच्याजवळ विहीर. रोज पहाटे रामभाऊ मोटार उतारावरून खाली घेऊन जात आणि तिचं नाक मारुतीच्या दारासमोर उभं करत. मग रेडिएटरचा खालचा नळ सोडून रात्रीचं सगळं पाणी काढून टाकत. ते दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या तुळशीला जाई. मग मोटारीला विहिरीचं ताजं पाणी, काठोकाठ. मारुतीला नमस्कार, आणि दिवस सुरू.

मी विचारलं, रोज पाणी कशाला बदलता?

रामभाऊंना प्रश्नच कळला नाही. "घरचा हंडा तुमी रोज घासून भरता का न्हाई? शिळं पानी देवाला चालत न्हाई, मानसाला चालत न्हाई, मंग हिलाच कसं चालंल?"

स्वच्छतेची एवढी जाण! मी नर्सबाईंना त्यांचं उदाहरण दिलं.

*

गुरुवारची फेरी शेवगावकडच्या दुष्काळी कामावर असायची. तिथे पाझर तलावाचा भराव चालला होता. शेकड्यांनी बायका खडी फोडत बसलेल्या, डोक्यावर पदर, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. त्यातली एक द्वारका. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, रक्तदाब नको इतका वर. पहिली दोन्ही बाळंतपणं झोपडीत झालेली आणि दोन्ही मुलं गेलेली. मी तिला काम बंद करायला सांगितलं. ती हसली. काम बंद तर धान्य बंद, हे तिने मला हसून सांगितलं. मग मी दर गुरुवारी रक्तदाब बघायचं ठरवलं, आणि दिवस जवळ आले की स्वतः मोटारीतून दवाखान्यात नेईन असा शब्द दिला. आमच्याकडे मोटार आहे, असं मी मोठ्या दिमाखात म्हणाले.

त्याच दिवशी परत निघालो आणि मोटार झोपड्यांसमोरच उकळली. रामभाऊ झाकण उघडून वाट बघत बसले. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा आणि तो दिवस नेमका मधला, कोरडा होता. मी कुणाकडे मागितलं नाही. पण द्वारकेची सासू झोपडीतून कळशी घेऊन आली. अर्धी भरलेली. घरात तेवढंच असणार.

मी नको म्हणाले. म्हातारीने कळशी रामभाऊंच्या हातात दिली.

"घ्या. तिला आधी द्या. आमाला तहान लागली तर वाफ येत न्हाई, येवढंच."

परतीच्या वाटेभर डॅशबोर्डमागे ते पाणी गुडगुडत होतं.

*

अण्णासाहेबांपर्यंत बातमी गेली. त्यांनी मला बोलावून समजुतीने सांगितलं की मोटार पोचत नसेल तर फेरीला अर्थ नाही. आणखी एकदा रस्त्यात अडकली की शेवगावची फेरी बंद. मोटार मग संस्थेच्या कामाला लागेल. संस्थेचं काम म्हणजे अण्णासाहेबांची भाषणं, आणि ती सगळी डांबरी रस्त्यावरच्या गावांत होत.

"आणि पेशंट?" मी विचारलं.

"ज्याला गरज असते तो चालत येतोच, डॉक्टर."

खरंच आहे. जो चालत येऊ शकत नाही त्याची गरज लवकरच संपते.

*

पुढच्या गुरुवारी जाताना नेवाशाच्या अलीकडे काटा पुन्हा उड्या मारायला लागला. मी रामभाऊंना एका बाभळीखाली थांबायला सांगितलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी मोटारीकडे डॉक्टर म्हणून बघितलं.

ताप आहे, पण सलग नाही, चढउताराचा. पोटात गुडगुड. इंजिनातून हीटरकडे दोन रबरी नळ्या जात होत्या. पदराच्या टोकाने धरून बघितल्या. एक हात भाजेल इतकी तापलेली, दुसरी गार. म्हणजे रक्त जातंय, परत येत नाही. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की थेंब अडतात, म्हणून सुई टोचायच्या आधी आम्ही हवा काढून टाकतो. हे मला ऐन झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण इतके महिने मी पुठ्ठ्याने वारा घालत होते.

खात्री करायची एकच सोपी तपासणी होती. "रामभाऊ, हीटर लावा."

मे महिना. दुपार. रामभाऊंनी आधी यासीनभाईंकडे बघितलं, यासीनभाईंनी माझ्याकडे. मला ऊन लागलंय यावर दोघांचं न बोलता एकमत झालं. रामभाऊंनी खुंटी ओढली.

इंजिन उकळत होतं. जाळीत गरम पाणी फिरत असतं तर आतून भट्टीसारखी झळ यायला हवी होती. आला तो साधा वारा. ऊब नाही की काही नाही. जाळीत पाणी पोचतच नव्हतं, तिथे हवा अडकून बसली होती.

निदान बिनचूक बसल्याचा आनंद मी अजून चेहऱ्यावर आणते आहे, तोवर रामभाऊंचा आवाज आला. त्यांनी तोंड पंख्याच्या समोर धरलं होतं, डोळे मिटले होते.

"लई जीव सुखावला, बाई. पंख्याची सोय हुती आन् आपन वरीसभर घामानं भिजत बसलो."

मी सांगितलं, हा दोष आहे, हवा अडकलीय, काढावी लागेल. तेव्हा मागच्या सीटवरून यासीनभाई खाकरले. आयुष्यात एकदाच त्यांचं निदान बरोबर आलं होतं, आणि नेमका तो पेशंट मोटार होता.

*

हवा वर चढते. रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच असेल तर ती झाकणातून निघून जाईल. म्हणजे मोटारीचं नाक वर पाहिजे. थोडी निववून, थोडी चालवून आम्ही ती तलावापर्यंत नेली आणि भरावाच्या चढावर नाक आभाळाकडे करून उभी केली. चाकांना खडी लावली. इंजिन पुरतं निवल्यावर झाकण उघडलं, पाणी भरलं, हीटर चालू ठेवला आणि इंजिन हळू सुरू केलं.

खडी फोडणाऱ्या बायका भोवती जमल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग झाकणाच्या तोंडाशी एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग आतून मोठा, समाधानाचा आवाज आला आणि पाणी वीतभर खाली गेलं.

द्वारका म्हणाली, "ढेकर दिला गं बया तिनं."

बायका हसायला लागल्या. तिची सासू म्हणाली, "मंग? लेकराला खांद्यावर उभं धरल्याबिगर ढेकर येतोय व्हय?"

विलायतेतली माझी सगळी वर्षं त्या एका वाक्यात बसली. मी रेडिएटरमध्ये पाणी घालत राहिले, आणि बायका, जणू बारशाला आल्यासारख्या, "अजून हाय, अजून हाय," म्हणत बुडबुडे मोजत राहिल्या.

मोटार परतीच्या वाटेवर एकदाही उकळली नाही. निघताना मी द्वारकेला तपासलं. दिवस पुरते भरले होते. रक्तदाब आणखी चढला होता. आजच चल म्हणाले, पण आठवड्याचं धान्य हातात पडल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती. पुढच्या गुरुवारी तयार राहा, तुला घेऊनच जाणार, असं सांगितलं. या वेळी दिमाखात नाही, खात्रीने सांगितलं.

तक्रार फक्त रामभाऊंची होती. हीटरमधून आता अस्सल झळ येत होती. ते वाटभर पुटपुटत होते, "येवढा गार वारा येत हुता. बिघडवून ठिवली."

*

मी अण्णासाहेबांना विजयाची बातमी दिली. ते म्हणाले, बघूच, आणि मंगळवारी स्वतः मोटारीत बसले. खादीचं कडक परीटघडीचं धोतर, हातात भाषणाची टिपणं.

मोटार नेवाशाच्या अलीकडे उकळली. नेमक्या त्याच बाभळीपाशी.

अण्णासाहेब पुठ्ठा हातात घेऊन उभे राहिले. घामाने टिपणांची शाई फुटली होती. "गुरुवारी जाऊन या," ते म्हणाले, "शेवटचं." आणि मग, मनाने चांगलाच माणूस असल्यामुळे, पुढे म्हणाले, "बाई, तुम्ही माणसांचंच बघत जा."

हवा आली कुठून? मी स्वतः काढली होती. बुधवारी पहाटे मी आवारात जाऊन उभी राहिले. रामभाऊ मोटार उतारावरून खाली घेऊन गेले. नाक मारुतीकडे, म्हणजे खाली. शेपूट वर. शिळं पाणी काढलं, ताजं भरलं. पुढून झाकणाशी पाणी आलं, काठोकाठ. आणि मागे, इंजिनाच्या उंच झालेल्या भागात आणि हीटरच्या जाळीत, कालच्यासारखीच आजचीही ताजी हवा कोंडली गेली. रोज. भक्तिभावाने.

मी रामभाऊंना सगळं समजावलं. बाटली तिरकी धरून दाखवली, बुडबुडा कुठे जातो ते दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"पटलं," ते म्हणाले.

"मग उद्या तोंड वर करून भरा. फाटकाकडे."

"ते न्हाई व्हनार."

"का?"

"मारुतीला पाठ व्हती." मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून, "आन् बाई, वाऱ्याचा लेक समोर बसलाय. त्याच्यासमोर हवा अडकंल व्हय?"

मी म्हणाले, निदान पाणी तरी रोज बदलू नका. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या ताटात शिळा भात वाढला होता. मी म्हणाले, मग मीच भरते. त्यांनी शांतपणे किल्ली पुढे केली. "मंग चालवा बी तुमीच." संस्थेच्या नियमात बाईने मोटार चालवणं बसत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग मी द्वारकेचं नाव काढलं. रामभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"बाई, माझं मन दगडाचं न्हाई. पन पाठ दाखवायची तर समोर दुसरा देव पायजे. रामाच्या देवळात बघा. रामाफुडं उभं ऱ्हायलं की मागं मारुतीला पाठ व्हतीच. ते चालतं. रिकाम्या फाटकाला तोंड करून मारुतीला पाठ दावायची, ते मातर आपल्याच्यानं न्हाई व्हनार."

मी खोलीत परत आले. दिवसभर पेशंट बघितले. संध्याकाळी मी आवाराच्या वरच्या टोकाला, फाटकाशी, उगाच उभी राहिले. तिथल्या लख्ख दगडावर नर्सबाईंचे परकर वाळत होते.

गुरुवारी सकाळी, उजाडायच्या आत, मी यासीनभाईंना उठवलं आणि वाण्याचं दार ठोठावून शेंदूर आणायला सांगितलं. तेल मी दवाखान्यातलं घेतलं. दगडावरचे परकर उचलले, पदर खोचला आणि खाली बसले.

यासीनभाई पुडी घेऊन आले. त्यांनी पुडी सोडली, शेंदूर तेलात कालवला आणि वाटी माझ्यापुढे धरली. मग त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली.

"बाई, डोळे कुठल्या बाजूला काढायचे?"

"उताराकडे," मी म्हणाले.